मोजणीच्या पलीकडील चौकशी : प्राथमिक शिक्षकासाठी गुणात्मक संशोधनाची ओळख

प्राथमिक शाळेच्या दप्तरात मुलाविषयी जी माहिती साठत जाते ती बहुतेक अंकांच्या रूपाने असते. पटावरील क्रमांक, जन्मतारीख, हजेरीचे दिवस, चाचणीतील गुण, उंची, वजन. ही माहिती टाकाऊ नव्हे. तिच्यावाचून शाळेचा एक दिवसही व्यवहार चालणार नाही. समजा, वर्गातील २८ मुलांपैकी ९ मुले मार्गशीर्षात गैरहजर आहेत. हजेरीपत्रक एवढे अचूक सांगते. परंतु ही ९ मुले का गेली, त्यांच्याच शेजारच्या घरातील दहावे मूल मागे का राहिले, आणि गेलेली मुले चैत्रात परत आल्यावर शाळेकडे कोणत्या मनाने पाहतात, हे हजेरीपत्रकास विचारून उपयोग नाही. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळते. ‘का’ आणि ‘कसे’ या प्रश्नांच्या उत्तरासाठी पाहावे लागते, ऐकावे लागते आणि जे पाहिले-ऐकले ते नीट लिहून ठेवावे लागते. या दुसऱ्या प्रकारच्या शिस्तबद्ध चौकशीस गुणात्मक संशोधन असे म्हणतात.

‘शिस्तबद्ध’ हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. ज्यास आकडेमोड जमत नाही त्याने करावयाचे सोपे संशोधन, असा एक समज शिक्षकवर्गात आढळतो. तो खरा नाही. याच्या उलट टोकाची चूकही तितकीच रूढ आहे. कृतिसंशोधनाच्या अहवालास टक्केवारी नसेल तर तो अपुरा दिसेल या भयाने १२ मुलांच्या वर्गातही शतमान काढले जाते. अशा वर्गात एक मूल म्हणजे ८.३३ टक्के होते. मुलाचे असे दशांश चिन्हापर्यंत रूपांतर केल्याने त्याच्याविषयी कोणते नवे ज्ञान झाले, हा प्रश्न अहवाल वाचणाऱ्यानेही क्वचितच विचारलेला असतो. १२ मुलांचा वर्ग हा मोजण्यास फार लहान, पण जवळून पाहण्यास अगदी योग्य असतो.

एका बालवर्गाची हकीकत

जवळून पाहिल्याने काय हाती लागते हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक अभ्यास शिक्षकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे. रे रिस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सेंट लुईस शहरातील एका गरीब वस्तीच्या शाळेत तो केला आणि १९७० साली प्रसिद्ध केला. सप्टेंबर १९६७ मध्ये बालवर्गात दाखल झालेल्या ३० मुलांचा एकच गट त्याने अभ्यासासाठी घेतला. सर्व मुले कृष्णवर्णी होती व शिक्षिकाही कृष्णवर्णी होती. म्हणजे गोऱ्या-काळ्यांच्या भेदाचा प्रश्न त्या वर्गाच्या चार भिंतींच्या आत नव्हता. रिस्ट आठवड्यातून दोनदा, प्रत्येक खेपेस दीड तास, वर्गात बसून नोंदी करी. त्याने परीक्षा घेतली नाही किंवा प्रश्नपत्रिका वाटली नाही.

शाळा सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांच्या कायम जागा ठरवून दिल्या. मेजे तीन होती. पहिल्या मेजावर नीटनेटक्या कपड्यांची, शिक्षिकेशी मोकळेपणाने व शुद्ध बोलणारी, बऱ्या स्थितीतील घरांची मुले बसली. उरलेल्या दोन मेजांवर मळक्या कपड्यांची, वस्तीची बोली बोलणारी किंवा मुळीच न बोलणारी मुले आली. तोपर्यंत कोणत्याही मुलाची बौद्धिक चाचणी झालेली नव्हती. शिक्षिकेजवळ होते ते दाखल्याच्या वेळचे अर्ज, आईशी झालेली बोलणी, सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या कुटुंबांची यादी आणि त्या मुलांच्या थोरल्या भावंडांविषयीचा शाळेतील जुना अनुभव. यावरून आठ दिवसांत कोण शिकेल आणि कोण शिकणार नाही, याचा निवाडा झाला होता.

पुढे काय झाले ते रिस्टने दिवसामागून दिवस लिहून ठेवले. शिक्षिका बहुतेक वेळ पहिल्या मेजाजवळ उभी राही. फळा भिंतभर लांब असूनही लिखाण प्रामुख्याने पहिल्या मेजासमोरच्या भागावर होई. प्रश्न त्याच मुलांना, शाबासकीही त्यांनाच; मागील मेजांच्या वाट्यास दटावणी अधिक येई. काही काळाने पहिल्या मेजावरील मुलेही इतरांना हिणवू लागली. येथपर्यंतची गोष्ट दुःखद असली तरी अनपेक्षित नाही. पुढील नोंद अधिक विचार करण्यासारखी आहे. रिस्टने काही मुलांच्या घरीही भेटी दिल्या. वर्गात तोंड न उघडणारी मागच्या मेजावरील मुले वर्गात शिकविलेलेच घरी म्हणून दाखवीत असल्याचे त्यास आढळले. म्हणजे मूल शिकत होते. ते शिकल्याचे पाहण्यास वर्गात कोणी नव्हते.

ही मुले दुसऱ्या इयत्तेत गेली तोवर गट पाडण्यासाठी मागील वर्षाच्या वाचनचाचणीचे गुण उपलब्ध झाले होते. नव्या शिक्षिकेने त्या गुणांच्या आधारे गट केले, आणि पहिलीत पुढच्या मेजावर नसलेले एकही मूल वरच्या गटात आले नाही. नव्या शिक्षिकेकडून कोणताही पक्षपात झाला असे म्हणता येणार नाही. तिने आकडे पाहिले, इतकेच. तथापि ते आकडे कोठून आले होते? बालवर्गातील आठव्या दिवसाच्या अंदाजातून. कपड्यांवरून केलेला तर्क दोन वर्षांत गुणपत्रिकेवरील ‘वस्तुस्थिती’ होऊन बसला. केवळ दुसरीच्या गुणांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकास ही मुले कच्ची आहेत एवढेच सिद्ध करता आले असते, आणि गणिताच्या दृष्टीने त्याच्या अहवालात एकही चूक सापडली नसती.

या अभ्यासाविरुद्ध एक आक्षेप सहज सुचतो : एका शाळेतील एका वर्गावरून सर्व शाळांविषयी काय सांगता येणार? किती शाळांत असे घडते हे त्यावरून मुळीच सांगता येणार नाही. त्यासाठी अनेक शाळांची पाहणीच केली पाहिजे. पण असे घडते ते कोणत्या पायऱ्यांनी घडते, हे एका वर्गावरूनच कळले. गुणात्मक अभ्यासाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच जागी आहेत. हा अभ्यास वाचून एखादा शिक्षक आपल्या वर्गातील बसण्याची जागा, आपला उभे राहण्याचा कोपरा आणि आपण हाका मारतो ती नावे तपासू लागला, तर त्या अभ्यासाचा उपयोग झाला असे समजावे.

पाहणे आणि लिहिणे

निरीक्षण हे या पद्धतीचे पहिले साधन. शिक्षक रोजच वर्ग पाहत असतो, मग त्यास नवीन ते काय, असे वाटण्याचा संभव आहे. फरक नोंदीत आहे. पुष्कळशा निरीक्षणवह्यांत पुढील धर्तीची वाक्ये असतात : ‘मुले अशांत होती. क्ष हिचे लक्ष नव्हते. पाठ समाधानकारक.’ या तिन्ही वाक्यांत पाहिलेले काहीच नाही. आहे तो पाहणाऱ्याचा निर्णय. तोच प्रसंग असा लिहिता येईल : ‘१०-४०, गणित. क्ष भिंतीकडे, शेवटच्या रांगेत. गुरुजींनी ७ आणि ८ यांची बेरीज विचारली. पुढील तिघांनी हात वर केले; दोघांना विचारले. क्ष हिने बोटांवर मोजले, ओठांतल्या ओठांत पंधरा म्हटले. कोणाचे लक्ष गेले नाही. १०-४४, क्ष खिडकीबाहेर पाहते आहे.’ पहिल्या नोंदीवरून मूल दुर्लक्ष करणारे ठरते. दुसऱ्या नोंदीवरून लक्ष कोणाचे नव्हते, हा प्रश्न उभा राहतो.

यास्तव वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे जे दिसले व ऐकू आले ते, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत. उजवीकडे स्वतःचा तर्क, शंका, राग आला असल्यास तोही. दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये. नोंद त्याच दिवशी, दिवेलागणीपूर्वी पुरी करावी. दुसऱ्या दिवशी स्मरणात उरते ते आपणास सोयीचे तेवढेच. स्वतः शिकवीत असताना असे लिहिणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत सहकाऱ्याने आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात मागे बसावे, एवढी सोय बहुधा होऊ शकते.

विचारणे

दुसरे साधन मुलाखत. येथे शिक्षकास एक अडचण आहे जी बाहेरून येणाऱ्या संशोधकास नसते. गावात तो गुरुजी असतो. त्याने प्रश्न विचारला की पालकास तो हिशेब मागितल्यासारखा वाटतो, आणि पालक गुरुजींना बरे वाटेल असे उत्तर देतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात व मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ही ‘उचल’. अशा घरी जाऊन ‘मुलीला शाळा सोडून का नेता?’ असे विचारल्यास ‘पुढच्या वर्षी नाही नेणार, गुरुजी’ हे उत्तर ठेवलेलेच आहे. ते नम्र आहे, आणि निरुपयोगी आहे.

त्याऐवजी गेल्या वर्षाची हकीकत विचारावी. ‘मावशी, मागल्या खेपेस निघायच्या आधीचे आठ दिवस कसे गेले? काय काय बांधाबांध केली? कोण जाणार आणि कोण राहणार हे कधी ठरले, कोणी ठरविले?’ माणसास कारणे सांगणे कठीण जाते, घडलेले सांगणे सोपे जाते. आणि घडलेल्या गोष्टीत कारणे आपोआप येतात. बोलता बोलता ती बाई सांगेल, ‘पोरगी नाही नेली तर धाकट्याला फडात कोण धरील?’ या एका वाक्यात शाळेविषयी अनास्था कोठेही नाही. तेथे पाळण्यातील मूल आहे, उसाचा फड आहे आणि दोन्ही हात कामात गुंतलेली आई आहे. प्रश्न थोडे असावेत, त्यांना ‘होय-नाही’ अशी उत्तरे देता येऊ नयेत, आणि उत्तर आल्यावर थोडे थांबावे. शिक्षकास थांबण्याची सवय कमी असते.

मुलाखत कोणाची घ्यावी, हेही मोजणीच्या नियमांनी ठरत नाही. येथे चिठ्ठ्या टाकून माणसे निवडण्याचे कारण नाही. ज्यांच्यापासून सर्वांत अधिक समजेल अशी निवडावीत. मुलास नेणारे घर, मुलास ठेवणारे घर, मुकादमाचे घर, मागे राहिलेली आजी, आणि स्वतः मूल. आणखी किती घरी जावे? नव्या घरी नवे काही ऐकू येईनासे झाले म्हणजे थांबावे.

नोंदींतून अर्थ

गोळा झालेल्या नोंदी हा कच्चा माल होय. त्या दोनतीनदा सावकाश वाचाव्यात व समासात प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यास लहानसे नाव द्यावे : ‘धाकट्याची राखण’, ‘उचल फेडणे’, ‘आजी घरी’, ‘स्वयंपाकास हात’. सारखी नावे एकत्र आणली की त्यांच्यातील नाते दिसू लागते. समजा, ज्या घरी धडधाकट आजी आहे तेथील मुले राहतात, आजी नाही तेथील जातात, असे दिसले. हा निष्कर्ष इतका सोयीस्कर असतो की शिक्षक लगेच अहवाल लिहावयास बसतो. खरे काम येथून पुढे आहे. या नियमात न बसणारे घर मुद्दाम शोधावे. समजा, एका घरी आजी आहे, गावात हंगामी वसतिगृहाची सोयही आहे, तरी १३ वर्षांच्या मुलीस नेले आणि ९ वर्षांच्या मुलास ठेवले. विचारता कळते की वाढत्या वयाच्या मुलीस आपल्या नजरेआड ठेवण्याचे भय आईबापांना वाटते. आता जुना निष्कर्ष मोडला; त्याच्या जागी दोन कारणे आली, एक कामाचे आणि एक भीतीचे. वसतिगृहात जेवण चांगले दिल्याने पहिले कारण थोडे हटेल. दुसऱ्यास जेवणाने काही होणार नाही. न बसणारे घर वगळले असते तर उपायही चुकला असता.

याखेरीज पडताळ्याचे दोन साधे मार्ग आहेत. एकच गोष्ट तीन बाजूंनी तपासावी : आई काय सांगते, मूल काय सांगते, हजेरीपत्रक काय दाखविते. अशा ठिकाणी अंक आणि शब्द एकमेकांचे वैरी राहत नाहीत. दुसरे असे की, लिहिलेला सारांश सांगणाऱ्यास वाचून दाखवावा व ‘हे असेच ना?’ असे विचारावे. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असे येते, आणि त्यापुढील बोलणे मूळ मुलाखतीपेक्षा मोलाचे निघते.

अभ्यासाचे आराखडे

शास्त्रीय ग्रंथांत या संशोधनाचे अनेक आराखडे दिलेले असतात. सर्वांची नावे पाठ करण्याची प्राथमिक शिक्षकास गरज नाही. एका मुलाचा, वर्गाचा किंवा शाळेचा सर्व अंगांनी केलेला अभ्यास म्हणजे व्यक्तिअभ्यास. शाळेत सर्वाधिक उपयोगी तोच. एखाद्या समाजात दीर्घकाळ राहून त्याची रीतभात आतून समजून घेणे हा मानववंशशास्त्रज्ञांचा मार्ग. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळील एका खेड्यात जाऊन राहिले आणि त्या गावाचे खरे नाव झाकून त्यास रामपुरा असे नाव दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आधी सिद्धांत न धरता नोंदींतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत ग्लेसर व स्ट्राउस यांनी १९६७ साली मांडली; वरील समासातील नावांची रीत तिच्याशी नाते सांगते. आणि शिकविता शिकविता अडचण ओळखून, उपाय योजून, परिणाम पाहून पुन्हा उपाय सुधारणे, हे कृतिसंशोधन शिक्षकांच्या परिचयाचेच आहे.

पुस्तकी नाव न घेताही हे काम महाराष्ट्रात झालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या आदिवासी मुलखात चालले. मुले बालवाडीत येत नाहीत, तेव्हा पालक अडाणी आहेत असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी वस्तीत जाऊन पाहिले. मुले येत नसत, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले येऊ शकत नसत, म्हणून शिक्षण कुरणात नेले. अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोन शब्दांत त्या निरीक्षणाचा सारा निष्कर्ष आला आहे. गैरहजर मुलांच्या टक्केवारीतून या दोन कल्पना कधीच निघाल्या नसत्या.

जबाबदारी

गुणात्मक नोंदीत माणसाच्या घरातले बोलणे येते : कर्ज, व्यसन, भांडण, मुलीविषयीची काळजी. अंक चुकून बाहेर गेला तर कोणाची अब्रू जात नाही. वाक्य गेले तर जाते. म्हणून बोलणे कशासाठी चालले आहे हे प्रथम सांगून संमती घ्यावी, आणि नको म्हटल्यास त्याचा राग शाळेत मुलावर निघू नये. वहीत खऱ्या नावाऐवजी खूण लिहावी. लहान गावात खूणही ओळखू येते. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत अहवाल वाचताना गाव, आडनाव, व्यवसाय यांतील जे अनावश्यक ते गाळावे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या पालकांपुढे उच्चारू नये. मात्र मुलास इजा होत असल्याचे किंवा त्याच्यावर अत्याचार होत असल्याचे कळल्यास तेथे गुप्तता संपते. ती माहिती योग्य अधिकाऱ्याकडे देणे हे कर्तव्य आहे, आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे.

ऊसतोडीस जाणाऱ्या गावांत असा अभ्यास हाती घ्यावयाचा असेल तर तो भाद्रपदात सुरू करावा. उचल घेतली जाण्याचा व कोण जाणार हे ठरण्याचा काळ तो असतो. दिवाळी उलटली म्हणजे घरांना कुलपे लागतात. मग गावात उत्तरे देण्यास मागे राहिलेलीच माणसे उरतात, आणि गेलेल्यांविषयी राहिलेल्यांनी सांगितलेले ते अर्धेच असते. दोन घरे निवडली तरी पुरे. चैत्रात कुटुंब परतले म्हणजे त्याच घरी दुसऱ्यांदा जावे व पहिल्या भेटीची वही बरोबर न्यावी.